किलोभरातलं चमचाभर

“नळ उना! नळ उना!” सीताबाई वॉर्डातच ओरडली.

तिचा नवरा लोटू खाटेवर निजला होता आणि खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी काठोकाठ भरली होती. खाडीच्या पुरातून तो कारखान्यात गेला आणि उंदरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून येणाऱ्या तापाने, उंदराच्या तापाने, त्याला धरलं. तापाने मूत्रपिंडं बंद पडली आणि तेव्हापासून ती पिशवी कोरडी होती. रक्त मशीनवर धुवावं लागत होतं. आणि आज तिच्यात पाणी होतं, काचेसारखं स्वच्छ. उधन्याच्या गल्लीत नळाला पाणी आलं की बायका जशी हाळी देतात, तशीच तिच्या तोंडून गेली. तिने आजूबाजूच्या खाटांवर पेढेसुद्धा वाटले.

डॉक्टर शर्वरी आल्या. पिशवी पाहून त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

“मावशी, नळ आला खरा. पण तोटी बंद होत नाहीये. असंच वाहत राहिलं तर काका आतून सुकतील.”

“पण किती निर्मळ शे!”

“त्याचीच तर काळजी आहे.” डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकल्या. “घरी पाण्याचं मोठं पिंप आहे ना? जवळजवळ तेवढं पाणी मूत्रपिंडं रोज रक्तातून गाळतात. आणि जवळजवळ सगळं रक्तात परत घेतात. बाहेर सोडतात ते तांब्या-दोन तांबे. काकांची आत्ता नुसती गाळतायत. ठेवून घेणं विसरलीयत. तेच जमलं नाही, तर मशीन कायमचं.”

सीताबाईच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली आला.

“आणि मीठ?” तिने विचारलं. सलाइनमध्ये मीठ असतं, हे तिला नर्सने सांगितलं होतं.

“मीठही तसंच. रोज किलोभराहून जास्त गाळतात. बाहेर टाकतात चमचा-दोन चमचे. तुम्ही जेवणात जेवढं घालता ना, साधारण तेवढंच.”

“मी तं अंदाजानं टाकस. कधी जास्ती, कधी कमी.”

“कधी नही,” लोटू डोळे मिटूनच पुटपुटला. “रोजच जास्ती.”

डॉक्टर हसल्या. सीताबाई हसली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून हा हात चुकत होता आणि या माणसाच्या पाठीत कोणी दोघं रोज, न बोलता, ती चूक निस्तरत होती. त्यांना तिने कधी एक शब्द विचारला नव्हता.

पुढचे दिवस सलाइन चढत राहिलं. पिशवी भरायची, रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मूत्रपिंडं पाणी ठेवून घेऊ लागली की लघवीला रंग येईल, त्या पिवळ्या रंगाची वाट बघा. सीताबाई देवाला हात जोडायची आणि पिशवीकडे बघायची. ती निर्मळच राहायची.

मग एका सकाळी पिशवीच्या तळाशी थोडीशीच लघवी होती. हळद कालवल्यासारखी पिवळी.

डॉक्टरांनी पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. मग हळूच म्हणाल्या, “ठेवून घेतायत.”

त्या गेल्यावर सीताबाई खाटेपाशी वाकली. लोटू कुशीवर झोपला होता. तिने त्याच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना अलगद तळवे टेकवले. पाळण्यातल्या लेकराला लावावा, तसा हात.

“काय करस वं?” लोटू जागा झाला.

“हळू बोला,” ती म्हणाली. “आत काम चालू शे.”