तेवढ्याच बोलीची खोली

"बाबा, लोअर परळला हॉटेल मिळालं. साइटवर नुसता भाग निवडून बोली लावायची, हॉटेलचं नाव बोली लागल्यावरच कळतं. तीन हजारांची लावली, लागली. आपल्या चाळीत मुलांना अडचण होते हो. तासभर भेटायला येऊ," लंडनहून अवधूत म्हणाला.

चिंतामणरावांनी शेजारच्या ओवीकडून त्याच तारखेला, लोअर परळलाच, तीन हजारांचीच बोली लावून घेतली. सारखी बोली म्हणजे हॉटेलही तेच, असा त्यांचा हिशेब. नातवंडांचं दार अचानक वाजवायचं होतं.

त्या दिवशी हॉटेलातल्या आपल्या खोलीत पोचल्यावर त्यांनी अवधूतला फोन लावला. "कुठलं हॉटेल रे तुझं?"

अवधूतने भलतंच नाव सांगितलं. "तुम्ही कुठे आहात, बाबा?"

"कुठे असणार? गिरगावात, कीर्तनाला."

"आवाज नाही येत कसला."

"बुवा यायचेत अजून," चिंतामणराव म्हणाले.