सासूबाईंचे दोन हात

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. एका सासूबाईंची गोष्ट सांगतो.

जावई छोट्या, पंख्यांच्या विमानाचा कप्तान; पण सासूबाई सात वर्षं त्याला चारचौघांत “आमचे ड्रायव्हर” म्हणत आल्या होत्या. आज त्या पहिल्यांदाच त्याच्या विमानात बसल्या आणि आज शाबासकी मिळवायचीच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. “आई, खुर्चीचे हात घट्ट धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका,” असं गमतीनं सांगून तो पुढे जाऊन बसला.

वाटेत वादळानं गाठलं आणि विमान सुपात पाखडल्यासारखं उडू लागलं. समोरच्या रडारच्या पडद्यावर धोक्याचे लालच लाल ढग दिसताच सहवैमानिकानं देवाचा धावा सुरू केला. पण जावई पठ्ठ्यानं लाल ढग चुकवत, कमी धोक्याच्या पिवळ्या ढगांतून वाट काढत विमान अलगद टेकवलं. टाळ्या कडाडल्या. सगळे प्रवासी त्याचे आभार मानून उतरले, सासूबाई मात्र येईनात. धावत आत जाऊन बघतो, तर त्या घामाघूम होऊन खुर्ची धरून बसलेल्या!

“आई, पोहोचलो आपण! कसं आणलं विमान?”

“तुम्ही आणलंत? अहो, सगळा भार माझ्या हातांवर होता! आता तरी सोडू का, जावईबापू?”



म्हणून सांगतो मंडळी, सुखरूप उतरलात की कप्तानाला नमस्कार कराच. पण मागे कुणीतरी तुमच्यासाठी घट्ट धरून बसलेलं असतं, त्या माउलीचीही आठवण ठेवा.