सीलबंद खुर्ची

साहेब बोलायला लागले आणि त्यांची खुर्ची खाली जायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पोलीस ठाण्याच्या सभागृहात माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळ्यांची नजर साहेबांच्या डोक्यावरच्या फलकावर होती. ‘जप्त मुद्देमाल : जनतेसमोर उघड कारभार.’ फलकावर खर्च बराच केलेला दिसत होता. कुणाची मोटरसायकल, कुणाचा टेम्पो, कुणाची शिलाई मशीन पोलिसांनी उचलून नेली होती ती परत आलीच नव्हती. अशा लोकांना हा फलक वाचायला मुद्दाम बोलावलं होतं.

साहेब मुळात बुटके, त्यात कंबरदुखी. जनतेला उत्तरं द्यायची तीही प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, हे त्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून केबिनमधली त्यांची खास खुर्ची चार शिपायांनी घाम गाळत व्यासपीठावर चढवली होती. गुबगुबीत बैठक, मानेला उशी, वरून पांढरंशुभ्र कव्हर. खालचा भाग टेबलाच्या कापडाआड झाकलेला.

तिसऱ्या रांगेत एक सलूनवाला बायकोला घेऊन बसला होता. त्याचं सलून एका खुर्चीचं. गेल्या वर्षी त्या खुर्चीत एक गिऱ्हाईक दाढीला बसलं असताना पोलीस आले. त्याच्या खिशात नशेच्या पुड्या निघाल्या आणि तोंडाचा साबणही पुसू न देता त्याला उचललं. खुर्चीही उचलली. का, तर म्हणे आरोपी गुन्ह्याच्या वेळी तिच्यावर बसलेला होता! गिऱ्हाईक केव्हाच जामिनावर सुटून दुसरीकडे दाढी करून घेत होतं. खुर्ची आतच. परत द्या म्हणून कोर्टानं सांगून झालं तरी आतच. सलूनवाला घरच्या स्टुलावर लोकांच्या माना मोडत होता, त्यामुळे गिऱ्हाइकं तुटत चालली होती, आणि गाळ्याच्या मालकानं निरोप धाडला होता की महिनाअखेरपर्यंत थकलेलं भाडं दिलं नाही तर गाळा दुसऱ्याला देणार. नवी खुर्ची घ्यायची ऐपत नव्हती. आज बायकोनं आपल्या भावाला हातगाडी घेऊन खाली उभं केलं होतं. हिला अजून आशा आहे, म्हणून नवरा वाटभर हसला होता.

साहेब सांगत होते की मालखान्यातली प्रत्येक वस्तू सीलबंद असते. दाराला दोन कुलुपं, वर कॅमेरा. जनतेची वस्तू म्हणजे आमच्याकडची ठेव, असं म्हणेपर्यंत टेबल त्यांच्या छातीशी आलं होतं.

बायकोनं कोपरानं ढोसलं तेव्हा सलूनवाला उठला आणि हात जोडून त्यानं आपल्या खुर्चीचं विचारलं. साहेबांनी शेजारच्या हवालदाराकडे पाहिलं. हवालदारानं साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि घाईघाईनं छताकडे.

“तुमची खुर्ची मालखान्यात सुखरूप आहे,” साहेब म्हणाले. “सील आहे तिला. कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही.”

अर्ज करा, नियमानं मिळेल, हेही ते बोलले. अर्ज करकरून सलूनवाल्याच्या चपला झिजल्या होत्या. त्याला चीड आली, पण बोलेना, कारण त्याला मधूनच एक आवाज ऐकू येत होता. फुस्स. जरा थांबून पुन्हा फुस्स. वजनदार माणूस बसला की त्याची खुर्ची अशीच उसासे टाकत खाली यायची. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

टेबल आता साहेबांच्या हनुवटीला लागलं होतं. केबिनमध्ये शिपाई अधूनमधून येऊन त्यांना वर चढवून जायचा. इथे भर सभेत पुढे यायची त्याची छाती होईना. साहेबांचा एक हात कापडाआड काहीतरी चाचपत होता. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. लवकरच टेबलावर फुलदाणी, माइक आणि साहेबांची टोपी एवढंच दिसायला लागलं. टोपीखालून पारदर्शकतेबद्दल भाषण मात्र चालूच होतं, त्याच भरदार आवाजात. सलूनवाल्याला आता भीती वाटत नव्हती. नुसती किळस वाटत होती.

“साहेब,” तो म्हणाला, गिऱ्हाइकाशी बोलतात तितक्या साध्या आवाजात, “दांडा आधी आत दाबा. मग वर ओढा.”

साहेबांनी आत दाबला आणि वर ओढला. पुन्हा ओढला. खटक-खटक करत साहेब वर आले, फुलदाणीच्याही वर आले. ओढाताणीत पांढरं कव्हर निसटून त्यांच्या खांद्यावर आलं. खाली लाल रेक्झिन होतं, आणि खुर्चीच्या हाताशी फाटलं होतं तिथे सलूनवाल्याच्या बायकोनं निळ्या दोऱ्यानं घातलेले टाके.

साहेबांचा हात अजून दांड्यावरच होता.

“पुढचा प्रश्न,” ते म्हणाले.

बायको उठून खिडकीशी गेली आणि तिनं भावाला हातगाडी पायऱ्यांशी लावायला सांगितलं.

सलूनवाला व्यासपीठावर चढला. त्याला कुणी अडवलं नाही. इतकी वर्षं उभा राहायचा तसा तो खुर्चीमागे उभा राहिला, ते पांढरं कव्हर उचलून त्यानं एकदा झटकलं आणि साहेबांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळलं.

“दाढी की कटिंग, साहेब?”