बरफ हाय तवर

"आत्या, गिलासाला कापूस धरला!" अपेक्षा ओरडली आणि सरिताने चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. भिंतीपलीकडे माजघरात अपेक्षाचा आजा, म्हणजे सरिताचा बाप कमळू, बर्फाच्या लादीवर निजवलेला होता.

चूल कालपासून थंड होती. सरिता सापगावच्या बालवाडीत शिकवायची. पाच वर्षांच्या पोरीला मयतापासून लांब ठेवायचं, म्हणून तिने लादीचा निखळलेला तुकडा स्वयंपाकघरात आणून ठेचला, स्टीलच्या गिलासात भरला आणि वर मूठभर खडेमीठ टाकलं. थोड्या वेळाने गिलासाला बाहेरून कापसासारखं पांढरंशुभ्र हीव धरलं. दर थंडीत ती पोरांना हे करून दाखवायची. आज हात तेवढे चालत होते, जीव अंगणात अडकला होता.

"असं कसं झालं गो आत्या?"

"मीठ टाकलं का बरफ आणखी गार होतो." पुढचं समजावायचं त्राण तिच्यात नव्हतं.

अंगणात देवजीकाकाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "बरफ हाय तवर धनेशची वाट बघू. बरफ सरला का उचलायचं." धनेश सरिताचा भाऊ, अपेक्षाचा बाप. दिल्लीहून निघालेली त्याची गाडी धुक्यात रखडली होती, आणि बर्फवाल्याकडे दुसरी लादी शिल्लक नव्हती. सकुबाईचं रडणंही आटलं होतं. नवऱ्याच्या उशाशी बसून ती एकच घोकत होती, "पोराला बापाचं तोंड दिसू दे."

तेवढ्यात रस्त्यावर जीप वाजली. "धनेश आला!" कोणीतरी हाक दिली आणि झाडून सगळं घर बाहेर धावलं, सगळ्यांच्या पुढे सकुबाई. जीपमधून मुरबाडचे पाहुणे उतरले. बिचाऱ्यांचा काय दोष, पण त्यांच्याकडे कोणाला बघवेना.

मायलेकी परत आल्या तेव्हा मिठाची बरणी माजघरात आडवी पडली होती आणि अपेक्षा लादीवर शेवटची मूठ पसरत होती.

"आत्या, आता आजा लय गार राहील. बाबा येईपर्यंत!"

मिठाने बर्फ गार होतो, तसा झपाट्याने वितळतोही. नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं होतं. सरिता गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी मीठ खरवडू लागली. बोटं बधिर झाली, पण मीठ केव्हाच बर्फात शिरलं होतं. लादीला भोकं पडत होती आणि पाण्याची धार उंबऱ्याकडे निघाली होती. उंबऱ्यापलीकडे, ओटीवर, देवजी येऊन बसला होता.

"आये, माझं चुकलं गो," सरिता कुजबुजली. "मीच शिकवलं तिला."

सकुबाईने ऐकलं. भेदरलेल्या नातीच्या गालावरून तिने हात फिरवला. मग ती उंबऱ्यापाशी गेली, दाराला पाठ लावून बसली आणि लुगड्याचा घोळ जमिनीवर पसरला. धार तिच्यापर्यंत आली आणि तिथेच मुरू लागली.

"वयनी," देवजीने ओटीवरून विचारलं, "बरफ किती रायला?"

सकुबाई कमरेपर्यंत भिजली होती. थंडीने तिचे दात वाजत होते.

"लय हाय भावजी," ती म्हणाली. "अजून लय हाय."