ब्रेकवरची बोटं

वळणापलीकडून दगड घरंगळल्याचा आवाज आला, मग कशाचाच आला नाही. भावजयीने एकचाकी सायकलवरून उडी मारली आणि सीटला धरून ती तशीच ओढत पळाली.

पायवाट कड्याच्या अंगाने जात होती. खाली सुट्या खडीचा उतार, आणि त्यापुढे जमीनच नव्हती. पुढे गेलेली नणंद त्या उतारावर पालथी पडली होती, दोन्ही तळवे खडीत रुतवून. तिची सायकल कुठेच दिसत नव्हती.

"जवळ येऊ नकोस," नणंद मान न वळवता म्हणाली. खाली जा, माणसं आण, दोर आण, असं तिने सांगितलं. एका चाकावरून डोंगर उतरायला भावजयीला तिनेच शिकवलं होतं. इथे काय करायचं ते नेहमी तीच सांगायची. पण एवढं बोलण्यानेही खडी सरकली आणि ती वीतभर खाली गेली. माणसं येईपर्यंत काय होईल, हे दोघींनाही कळत होतं.

भावजय वाटेवर पालथी झाली. बुटांची टोकं एका खडकामागे अडकवली, सीट दोन्ही हातांत धरली आणि चाक उतारावर सोडलं.

"ताई, चाक धरा."

"तुला पेलायचं नाही. दोघी जाऊ."

"धरा म्हणते ना."

नणंदेशी ती या सुरात कधी बोलली नव्हती. नणंदेने हात वर करून टायर पकडला. तसं चाक गर्रकन फिरलं, आणि ती आणखी घसरली. भावजयीची बोटं सीटखाली चाचपडली, ब्रेकची दांडी सापडली. ती तिने अशी आवळली की चाक जागच्या जागी थिजलं.

"आता," ती म्हणाली.

ओढताना खांद्यातून कळ गेली. कोपरं सोलली. खडीचा अख्खा पट्टा नणंदेच्या पायांखालून सुटून कड्यावरून गेला. तो पडल्याचा आवाज फार उशिरा आला. तोवर तिचा एक गुडघा वाटेवर टेकला होता.

दोघी नुसत्या धापा टाकत पडून राहिल्या. नणंदेने हातपाय हलवून पाहिले. खरचटण्यावर निभावलं होतं. मग तिचं लक्ष भावजयीकडे गेलं. ती अजून तशीच पालथी होती, डोळे गच्च मिटून.

नणंद सरकत तिच्याजवळ आली. ब्रेकवरची बोटं पांढरीफटक पडली होती. नणंदेने ती एकेक करून सोडवायला घेतली.

"सोड आता," ती म्हणाली. "आले मी वर."