माळ्यावरचं मशीन

हवामान खात्यातून मी दिलेल्या इशाऱ्यावरून सगळा किनारा रिकामा झाला, आणि वादळ नेमकं ओहोटीला धडकलं. समुद्राचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परतलं. तेच भरतीला आलं असतं, तर घरं छपरापर्यंत बुडाली असती. पण माझ्यासारख्या लाटा मोजणारीचं आता कोण ऐकून घेणार? आठवड्याने घरी गेले, तर शेजारच्या काकांनी खिडकीतूनच विचारलं, “या वेळी तरी पाणी सोबत आणलंस ना?” बाकीच्यांनी दारं लोटून घेतली. आत आई जमिनीवर बसून गिऱ्हाइकाचा फ्रॉक हाताने शिवत होती. वादळाआधी चौघा शेजाऱ्यांनी माळ्यावर चढवलेलं तिचं शिलाई मशीन अजून तिथेच होतं. “खाली काढून देऊ?” मी विचारलं. “राहू दे.” तिने दोरा ओठांत ओला करून सुईत ओवला. “पुढच्या वेळी तू सांगितलंस की मी ऐकेनच. पण हे वर चढवायला कोण येईल?”