बेशुद्ध कुमुदचा होकार

कुमुद भोईरच्या पोटातून वाहणारं रक्त थांबत नव्हतं. हॉस्पिटलच्या टेबलावर ती बेशुद्ध होती.

"काचेवर पडली. कापा लवकर, सही मी करतो," नवरा हरेश म्हणाला.

"आता नातेवाइकांची सही चालत नाही, पेशंटचाच होकार लागतो." डॉ. मुजावरबाईंनी कुमुदच्या कपाळावर विचार वाचणारी पट्टी बांधली. "कुमुदताई, गर्भपिशवी काढली तर वाचाल, पण मूल होणार नाही. काढू?"

पट्टीला जोडलेल्या यंत्रातून तिचाच आवाज आला. "काढा. पण आधी ह्याला बाहेर घालवा. कोयता ह्यानेच मारला."

हरेशने झेप घेऊन पट्टीच्या वायरी उपटल्या आणि कुमुदचा गळा आवळला. डॉक्टरांनी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो कोसळला. दोन सिस्टरनी त्याला फरपटत दाराबाहेर नेलं.

डॉक्टर कुमुदच्या कानाशी वाकल्या. "घालवलं त्याला बाहेर. आता काढते."